मूठभर पांढरी

१

माळवदाच्या घरात राहणाऱ्याने वरून काय पडतं याची तक्रार करू नये. खाली तुळया, तुळयांवर काटक्या आणि काटक्यांवर हातभर पांढरी माती, असं ते छप्पर असतं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार आणि बाराही महिने थोडंथोडं खाली येणारं. चहात येतं, अंथरुणात येतं, पाहुण्याच्या टोपीवर येतं. पाहुणा नवखा असेल तर काय पडलं म्हणून वर बघतो, आणि मग डोळ्यात येतं.

विश्वंभरच्या घरात हा कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक चालू होता. वसमतच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर सगळी उमेद घालवून तो गावी परतला, तोवर बायकोचे दोन्ही गुडघे गेले होते. सकाळी उठायचं, सत्यभामाच्या काखेत हात घालून तिला उचलायचं, अंगणातल्या खुर्चीत बसवायचं, हातात चहा द्यायचा आणि मग तिच्या सूचनांप्रमाणे घर झाडायचं, अशी त्याची दिनचर्या ठरलेली होती. सुपलीभर माती निघायची. ती उकिरड्यावर नेऊन टाकली, की आपण अजून काहीतरी करतो असं त्याला वाटायचं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्याने दोन्ही खोल्या झाडल्या आणि सुपलीत थोडे केस आणि बडीशेपेचा एक दाणा आला.

त्याने पुन्हा झाडलं. अंथरूण झटकलं. फळीवरच्या डब्यांवर बोट फिरवलं. बोट स्वच्छ.

"आज माती न्हाई पडली," तो बाहेर येऊन म्हणाला.

"मंग? रडू का?" सत्यभामा म्हणाली. "जल्मभर झाडून कंबर गेली माझी. तुमी झाडायला लागले अन् तिलाच लाज वाटली असंल."

तो हसला. दुसऱ्या दिवशीही माती पडली नाही. तिसऱ्या दिवशी सुपली भिंतीला टेकवून तो बराच वेळ खोलीच्या मधोमध वर बघत उभा राहिला, आणि डोळ्यात काही गेलं नाही.

२

शेजारच्या जळबाला जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.

जळबा गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. नोकरी संपल्यावर माणसं देवाला लागतात, दारूला लागतात, नाहीतर सुनेच्या मागे लागतात. जळबा गढीच्या मागे लागला.

गावाबाहेरच्या त्या गढीला किल्ला म्हणावं तर किल्ल्यांचा अपमान, आणि ढिगारा म्हणावं तर जळबाचा. पांढऱ्या चिकट मातीच्या जाडजूड भिंती आणि चार बुरूज. म्हणजे कधीकाळी चार असावेत. जळबाच्या वेळेला एक उरला होता आणि एक उरल्यासारखा दिसत होता. गावाने गढी पाडली असं म्हणता येणार नाही. गावाने ती वापरली. माळवदावर टाकायला पांढरीसारखी माती नाही. पावसाचा थेंब आत येऊ देत नाही. त्यामुळे दर उन्हाळ्यात बैलगाड्या गढीकडे जायच्या. बैल गेले तेव्हा ट्रॅक्टर जाऊ लागले. पुढे घरकुलं आली, स्लॅब आले, तरी जोत्यात भराव लागतोच, तोही तिथूनच. गावात असं घर नव्हतं, की ज्याच्या डोक्यावर, पायाखाली किंवा पाठीशी गढी नव्हती.

जळबा पहाटे काठी घेऊन गढीच्या पायथ्याशी बसायचा. ट्रॅक्टर आला की आडवा पडायचा. लोक त्याला 'किल्लेदार' म्हणायचे. हे त्याला मान दिल्यासारखं वाटायचं, म्हणून लोकांना आणखी मजा यायची. कुठल्याशा खात्याकडे त्याने अर्ज केले. उत्तर आलं की अशी वास्तू आमच्या माहितीत नाही. मग तो घरोघर फिरू लागला. कुणाकडेही गेला तरी माणसाच्या तोंडाकडे बघायचा नाही. छताकडे बघायचा.

"विश्वंभर, तुमच्या डोक्यावर गढीचा दरवाजा हाये, बरं का," तो चहा पिता पिता म्हणायचा. "तुमच्या आज्यानं नेलता. कवा आणून देता?"

"दरवाजा हाये तर लोटून घ्या, भाऊजी," सत्यभामा म्हणायची. "गार वारं येऊन राहिलंय."

जळबा हसायचा नाही. तो माणूस म्हणून कुणाला आवडावा असा नव्हताच. खरं बोलणारा आणि तेच तेच बोलणारा, असे दोन्ही दोष एका अंगात होते.

तो एखाद्या दिवशी जेसीबीखाली मरेल असं गावाला वाटत होतं. पण तो कार्तिकात, आपल्या बाजेवर, साध्या तापाने मेला. जायच्या आदल्या दिवशी विश्वंभर त्याच्या उशाशी बसला होता. जळबा तेव्हाही आढ्याकडेच बघत होता.

"आमच्यात जाळत न्हाईत, पुरतेत," तो म्हणाला. "मला गढीच्या बुडाला पुरा. अन् मूठमाती देताना रस्त्यावरची माती नका टाकू. ज्यानं त्यानं आपापल्या घरची आणा. भितीची, माळवदाची. मूठभर. तेवढी तरी घरला यील."

विश्वंभरने ही इच्छा गावाला सांगितली. लिंबाजी सरपंच आधी दचकला. त्याला वाटलं होतं मेलेला माणूस काहीतरी मोठं मागेल, उपोषणाचं वगैरे. "मूठभर ना? मंग देऊन टाका की," तो म्हणाला. "एवढ्यात भागून राहिलं तर काहून न्हाई?"

आणि खरोखर सगळं गाव आलं. जळबा जिवंत असताना त्याच्या बाजूने एक माणूस उभा राहिला नव्हता. त्या दिवशी रांग लागली. कुणी भिंत खरवडून आणली होती, कुणी माळवदावरची आणली होती. स्लॅबवाल्यांनी जोत्याच्या फटीतून उकरून आणली होती. प्रत्येकाने खड्ड्यापाशी उभं राहून मूठ उघडली. जळबा सांगायचा की ही माती गढीची आहे, आणि गाव म्हणायचं, काय पुरावा? जन्मभर नाही म्हणत आलेलं गाव त्या दिवशी मुठी भरभरून हो म्हणालं.

संध्याकाळी शोकसभा झाली. दोन मिनिटं स्तब्धता पाळताना सरपंचाचा फोन दोनदा वाजला. जळबा म्हणजे चालताबोलता इतिहास होता, असं लिंबाजी म्हणाला. त्या चालत्याबोलत्या इतिहासाला त्याने एकदा पोलिसांकरवी उचलून नेलं होतं, पण सभेत ते सांगायची पद्धत नसते.

३

थंडीने माती आवळून येत असेल, असं विश्वंभरने स्वतःला सांगितलं. कारण सुचलं की माणसाला बरं वाटतं. ते खरं असण्याची फारशी गरज नसते.

पण देवळीचं काय करायचं ते त्याला कळेना. जळबाच्या घराला लागून असलेल्या सामाईक भिंतीत एक देवळी होती. रात्री चष्मा तिथे ठेवायचा आणि सकाळी डोळे न उघडताच उचलायचा, ही त्याची जुनी सवय. आता चष्मा हाताला लागेना. मनगटापर्यंत हात घालावा लागला. पुढच्या आठवड्यात कोपरापर्यंत. घुशींनी उकरलं असावं, असं त्याने म्हणून पाहिलं. पण घूस उकरते तेव्हा माती बाहेर टाकते. ही घूस माती ठेवत नव्हती, आणि आतली भिंत हाताला सुपारीसारखी गुळगुळीत लागत होती.

मग दुपारचा आवाज. सत्यभामा जेवून डुलकी घ्यायची, तेव्हा घर अगदी शांत व्हायचं आणि भिंतीपलीकडून चाळणीचा आवाज यायचा. कुणीतरी सावकाश, न थकता, बारीक पीठ चाळावं तसा. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. पलीकडे जळबाचं घर होतं, आणि त्याला कुलूप होतं. किल्ली विश्वंभरकडेच होती.

एका दुपारी त्याने किल्ली घेतली. चोर असेल तर सरपंचाला बोलावू, असा त्याचा विचार होता. चोरापेक्षा वेगळं काही असेल तर कुणाला बोलावायचं, याचा त्याने विचार केला नव्हता.

जळबाच्या घराचा दर्शनी भाग जसाच्या तसा होता. कडीकोयंडा, चौकट, चौकटीवरचं वाळलेलं तोरण. कुलूप निघालं. दार ढकलताना ते नेहमीसारखं अडलं नाही.

आत घर नव्हतं.

खांब होते. खांबांवर तुळया होत्या, तुळयांवर काटक्या ओळीने, कुणी नीट लावून ठेवाव्यात तशा. त्यांच्यामधून आभाळ दिसत होतं आणि उन्हाच्या पट्ट्या खाली पडल्या होत्या. माती कुठेच नव्हती. छताची नाही, भिंतींची नाही. बाज होती, तिच्यावर वाकळ घडी घालून ठेवलेली. कपड्यांच्या खुंट्या भिंत नसताना खाली ओळीने मांडल्या होत्या. पडझड झालेलं घर त्याने पाहिलं होतं. त्यात ढिगारा असतो. इथे चिमूटभर माती नव्हती. जमीनसुद्धा खाली गेलेली होती, खालच्या मुरमापर्यंत, आणि तीही झाडलेली होती.

फक्त दोन गोष्टी उरल्या होत्या. एक दर्शनी भिंत. तिला आतून हात लावल्यावर ती पापडासारखी थरथरली. दुसरी, सामाईक भिंत, जी त्याच्या घराचीही होती. तिच्यातून पलीकडचा उजेड तांबूस दिसत होता, हाताचा पंजा विजेरीवर धरल्यावर दिसतो तसा. तिच्यापलीकडे सत्यभामा झोपेत खोकली. कानाशी खोकल्यासारखी ऐकू आली.

विश्वंभरने बाहेर येऊन कुलूप लावलं. ओढून पाहिलं. जिथे घर नाही तिथे कुलूप नीट लागलंय का हे बघताना आपण हास्यास्पद दिसत असू, हे त्याच्या लक्षात आलं. तरी त्याने पुन्हा ओढून पाहिलं.

४

तो सरपंचाकडे गेला. लिंबाजीचं घर दुमजली, स्लॅबचं, दारात संगमरवरी पायरी. विश्वंभर बैठकीत चालू लागला तशी फरशी त्याच्या पायाखाली डब्यासारखी वाजली.

"पोकळ झाली का हो?" त्याने विचारलं.

"अहो, जमिनीतून आवाज येऊन राहिलेत ना आपल्या भागात," लिंबाजी म्हणाला. "भूगर्भ! त्यानं भराव बसतो. तज्ज्ञ बघून गेले."

"काय म्हणले?"

"बघतो म्हणले."

विश्वंभरने जळबाच्या घराचं सांगितलं. लिंबाजीने ऐकलं, पण मधेच पाय उचलून वर घेतले आणि मांडी घालून बसला. ऐकून झाल्यावर म्हणाला, "कुणी माती चोरून नेत असंल. पांढरीला लई मागणी हाये."

"चोर खुंट्या मांडून ठेवतो का?"

"चांगल्या घरचा असंल."

तेवढ्यात धुण्याभांड्याला येणारी बेबीबाई पदराला हात पुसत आतून आली. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण तिला कुणी कधी विचारतच नसे, म्हणून ती वाट बघत नसे.

"सरपंच, गढी वाढून राहिली वो," ती म्हणाली. "म्या रोज तिकडूनच येते. पडका बुरूज हुबा ऱ्हायला. भित बी चढून राहिली."

"तू चष्म्याचा नंबर बदलून घे, बेबीबाई."

"मला चष्माच न्हाई."

"मंग घेऊन टाक."

विश्वंभर परतताना गढीवरून गेला. तो लांबूनच थांबला. जिथे दोन बुरुजांची खूण होती तिथे आता चारही होते, चौथा अर्धा. कडा धारदार होत्या. मातीचा रंग एकसारखा नव्हता. कुठे काळपट, चुलीच्या धुराची, कुठे पिवळट, कुठे नीळ घातलेल्या चुन्याचे निळे कण. गावातल्या सगळ्या भिंती त्यात ओळखू येत होत्या, गर्दीत आपल्या माणसांच्या पाठी ओळखू याव्यात तशा. एक कुत्रं गढीकडे तोंड करून उभं होतं. भुंकत नव्हतं. शेपूट हलवत होतं, ओळखीचं माणूस दिसल्यासारखं.

पुढच्या महिन्यात लिंबाजीनेही गढी पाहिली. पाहावीच लागली, तोवर ती मंदिराच्या कळसाएवढी झाली होती. त्याने लगेच ग्रामपंचायतीच्या वतीने गढीचा जीर्णोद्धार झाल्याचं जाहीर केलं. पायथ्याशी फलक लागला, फलकावर जळबाचा फोटो लागला आणि फोटोपेक्षा मोठा लिंबाजीचा. पोरं तिथे सेल्फी काढू लागली. काम कोणी केलं असं कुणी विचारलं नाही. बिल कुणाच्या नावाने काढायचं, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

५

घर गेलं तर जाऊ दे, असं विश्वंभरने मनाशी ठरवलं होतं. माती आहे, गढीची होती, गढीला गेली. त्याला यात थोडा न्यायही दिसत होता, आणि आपल्याला न्याय दिसतो याचा थोडा अभिमानही वाटत होता. हा अभिमान पौषाच्या शेवटापर्यंत टिकला.

त्या सकाळी त्याने सत्यभामाच्या काखेत हात घालून तिला उचललं आणि ती सहज वर आली.

त्याचे हात काट्यावर मुरलेले होते. कापसाची गोणी ओली आहे का, मधे दगड घातलाय का, हे त्याला कडेला हात लावला की कळायचं. रोज सकाळी उचलायचं ते वजन त्याच्या पाठीला, मनगटांना पाठ होतं. त्यातलं काहीतरी नव्हतं. ती वाळली नव्हती. दंड तेवढेच, पोट तेवढंच, गालही तसेच. आकार सगळा होता. त्यातला भार गेला होता.

"काय झालं?" ती म्हणाली. "असे काहून बघून राहिले? नवी नवरी हाये का मी?"

"जेवती का नीट?"

"तुमच्या हातचं जेवते. नीट कसं म्हणावं?"

त्याने तिला खुर्चीत बसवलं. चहा दिला. ती पिऊ लागली आणि तो तिच्या घशाकडे बघत राहिला. या घरात ती नवरी म्हणून आली तेव्हापासून तिच्या प्रत्येक घासात, प्रत्येक घोटात वरून थोडं थोडं पडत आलं होतं. भाकरीवर, वरणावर, बाळंतपणातल्या डिंकाच्या लाडवांवर. तेव्हा दोघं हसून म्हणायची, मिठाची गरज नाही. तो स्वतः अर्धं आयुष्य वसमतच्या खानावळीत जेवला. ती मात्र या छपराखालून हलली नव्हती.

घराच्या भिंती संपत आल्या होत्या.

त्याच दिवशी त्याने सुकन्येला, वसमतला दिलेल्या मुलीला, फोन करून आम्ही येतो म्हणून सांगितलं. सत्यभामाने खूप आढेवेढे घेतले. ऑटोवाल्याने तिला एका हाताने उचलून सीटवर ठेवलं आणि चकित होऊन म्हणाला, "काकू तर कापूस हायेत!"

विश्वंभरने आयुष्यभर कापूस तोलला होता.

६

सुकन्येचं घर दुसऱ्या मजल्यावर. स्लॅब, फरशी, रंगवलेलं छत. वरून काही पडायची सोयच नाही. विश्वंभरला तिथे पहिल्या रात्री गाढ झोप लागली.

माघात सत्यभामा चालू लागली.

आधी भिंतीला धरून, मग न धरता. सुकन्येने आनंदाने शेजारपाजारी पेढे वाटले. "बाबा, तुमीच तिला त्या मातीत डांबून ठिवलं होतं," ती म्हणाली. "बघा, हितं आली अन् पाखरू झाली."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, फोटो काढले. सगळं नॉर्मल. वजन कमी भरत होतं, पण गुडघ्यांना ते चांगलंच, असं ते म्हणाले. विश्वंभरने किती कमी हे काट्यावर बघितलं नाही. त्याला ठाऊक होतं. फरशीवर तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता. गच्चीवर कपडे वाळत घालायला ती गेली, की तो काहीतरी निमित्त काढून तिच्या मागे जायचा आणि वारा सुटला, की तिचा पदर बोटात धरून उभा राहायचा.

"म्हातारपणी हे काय सुचलं तुमाला?" ती लाजून म्हणायची. "लेक बघून राहिली."

ती फार आनंदात होती. हेच त्याला सहन होत नव्हतं. जे बरं झाल्यासारखं दिसतं त्याविरुद्ध तक्रार कुठे करायची?

आणि फाल्गुनभर तिची दुपारची झोप वाढत गेली. जेवली की आडवी व्हायची ती दिवेलागणीलाच उठायची. हाका मारून उठत नसे. एकदा त्याने घाबरून तिचे खांदे धरून हलवलं, तेव्हा तिने डोळे उघडले आणि डाव्या दंडाला हात लावून कण्हली.

"खांदा भरून आला," ती म्हणाली. "लई काम झालं आज."

"कसलं काम? तू तर झोपलीस."

"मला काय ठावं?" ती म्हणाली, आणि थोडा विचार करून हसली. "पण चांगलं झालं. जळबा भाऊजी बी चांगलं म्हणले."

मग कूस बदलून पुन्हा झोपली. तिची नखं स्वच्छ होती. बोटांची अग्रं मात्र पांढरी आणि सुरकुतलेली होती, फार वेळ ओल्यात राहिल्यासारखी.

७

दुसऱ्या दिवशी ती जेवून आडवी झाली, तेव्हा विश्वंभर तिच्या अंगावर जाड वाकळ घालून निघाला. कुरुंद्याच्या बसमध्ये बसला, कुरुंद्याला उतरून पायी गावात गेला. चैत्राचं ऊन होतं. शेतांत हळद शिजत होती आणि तिचा ओला, कडसर वास रस्ताभर पसरला होता. माणसं कढयांपाशी गुंतलेली; गढीपाशी कुणी नव्हतं.

आपलं घर त्याने बघितलं नाही. गोठ्यातून फक्त टिकाव घेतला.

त्याचा हिशेब साधा होता. जे नेलं ते इथे आहे. इथून ते पाडायचं, पोत्यात भरायचं आणि तिला परत द्यायचं. कसं, ते पुढचं पुढे. पाण्यात कालवून, भाकरीत मळून, कसंही. मागितली होती मूठभर. मूठभर तो आपल्या हाताने देऊन चुकला होता.

"जळबा!" तो भिंतीपुढे उभा राहून ओरडला. "दरवाजा घे. घर घे. तुला कुणी न्हाई म्हणलं? बायको काहून नेतो, भाड्या? ती गढीची न्हाई!"

आत कुठेतरी चाळणी चालली होती, सावकाश.

त्याने टिकाव उचलला आणि सगळ्या ताकदीने घातला. टिकाव खोल गेला. त्याने दांडा खाली दाबला आणि ताटाएवढा पोपडा भिंतीपासून सुटून त्याच्या पायाशी पडला, फुटला नाही. आतली माती ओलसर होती. तो वाकला, मूठ भरण्यासाठी त्याने खळग्यात हात घातला, आणि हात तसाच राहिला. ती ओल पाण्याची नव्हती. पाणी इतकं कोमट नसतं.

मग त्याची नजर खळग्याच्या कडेला गेली, आणि तिथून वर.

भिंत ताजी सारवलेली होती. आत्ता, एवढ्यातच, उन्हात ती अजून चमकत होती. बोटांचे फराटे अर्धगोलात, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे वर वर गेले होते. गावातल्या सगळ्या बायकांचे फराटे डावीकडून उजवीकडे वळतात. हे उलटे वळले होते. डाव्या हाताने सारवणारी बाई गावात एकच होती, आणि तिने दर दिवाळीला सारवलेल्या भिंतीशेजारी बसून तो गावी आला की जेवत आला होता. शेवटचा फराटा त्याच्या डोक्याच्या थोडा वर, अर्ध्यातच थांबला होता. तिथून एक थेंब ओघळत खाली येत होता. तो टिकावाच्या घावापाशी आला आणि आत वळला.

विश्वंभरने टिकाव टाकला. पोपडा दोन्ही हातांनी उचलला. तो त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फार जड होता. हे वजन त्याच्या मनगटांच्या ओळखीचं होतं. त्याने तो खळग्यावर बसवला, दाबला, तळव्यांनी कडा मिटवल्या. बसला असं वाटून त्याने एक हात हळूच काढला. पोपडा सुटू लागला. त्याने पुन्हा दाबला.

चाळणी थांबली.

खिशातला फोन वाजू लागला. बराच वेळ वाजून थांबला. मग लगेच पुन्हा वाजू लागला. वसमतहून असेल, नाहीतर कुठूनही असेल. बघायला हात मोकळा नव्हता. त्याने छाती भिंतीला टेकवली, गाल टेकवला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन तो तसाच उभा राहिला. फोन त्याच्या आणि भिंतीच्या मधे वाजत राहिला.